मावशी आणि गोडी विहीर

भारतात निघालेल्या माणसाला इथली, इंग्लंडातली मराठी मंडळी काय काय आणायला सांगतात! कुणाला गोडा मसाला हवा असतो, कुणाला भाकरवडी, कुणाला शिंप्याकडे टाकलेला ब्लाउज. मावशींना पाणी हवं असे. रीडिंगच्या आमच्या मंडळात कोजागिरीला कुणी नुसतं ‘पुढच्या महिन्यात तिकडे चाललोय’ म्हटलं, की मसालादुधाचा कप सावरत मावशी गर्दीतून वाट काढत येत आणि पर्समधून रिकाम्या बाटल्या काढून त्याच्या हातात कोंबत. “विहीर दिसली की भर. बाटली पाण्याखाली धरून भर, झाकणही पाण्याखालीच लाव. आत बुडबुडा राहिला तर मला आणून देऊ नकोस!” नव्या लोकांना वाटे, बाईंचं डोकं फिरलंय. जुने लोक आपल्या तिकिटाच्या तारखा लपवत. ‘बाटलीवाल्या मावशी’ हे त्यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं होतं आणि ज्यांना त्यामागची हकिकत माहीत नसे, ते त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसत.

वॉटफर्डचं एक जोडपं जैसलमेरला फिरायला गेलं होतं. मावशींनी त्यांनाही बाटल्या दिल्या होत्या. बिचाऱ्यांनी उन्हातान्हात हिंडून जवळजवळ सगळ्या भरल्या, शेवटी कंटाळा आला तेव्हा उरलेली एक हॉटेलच्या स्विमिंग पूलमध्ये बुडवून आणली. मावशींनी झाकण उघडलं, नाकाशी धरलं आणि भर मंडळात हसत सुटल्या. “अरे, ही विहीर नाही! या विहिरीत लोक पोहतात आणि वर कॉकटेल पितात!” ते दोघं लाजून चूर झाले. पण मावशींनी उरलेल्या बाटल्यांसाठी त्यांना पुरणपोळ्या करून घातल्या, हेही सांगायला हवं.

माझी गाठ त्यांच्याशी पडली २००१च्या संक्रांतीला. नवऱ्याला इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी, मी पुण्याहून एम.एस्सी. करून आलेली आणि दिवसभर घरात बसून टीव्हीवर दुसऱ्यांच्या घरांचं रंगकाम बघणारी. मावशींनी हळदीकुंकवात माझी चौकशी केली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. “केमिस्ट्री केलीयस आणि इथे तिळगूळ वाटत बसलीयस? सोमवारी ये!” सोमवारी मी एम-फोर महामार्गाच्या कडेच्या एका औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या ऑफिसात हजर झाले. तिथे मावशींसकट मोजकी माणसं होती आणि काम एकच: राजस्थान, ओमान, सुदान अशा वाळवंटी भागांतल्या विहिरींचं पाणी तपासायचं, ते पिण्याला चालेल का आणि शेतीला चालेल का, हे सांगायचं. मावशी मूळच्या नागपूरच्या, भूजलात डॉक्टरेट केलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि आत आम्ही कोरड्या ठणठणीत गावांच्या तळाशी काय साचलंय ते शोधत असायचो. मला तर शाळेतल्या पहिल्या दिवसासारखं वाटत होतं.

पहिल्याच आठवड्यात मी एक घोळ घातला. एका तक्त्यात मी ‘पाणी चांगलं’ असं लिहिलं. मावशींनी ते शब्द खोडले. “चांगलं की वाईट, असं पाण्याला कधी विचारायचं नाही. कुणासाठी, ते विचारायचं.” मग त्या उत्साहाने सांगायला लागल्या आणि जेवणाची सुट्टी संपली तरी थांबल्या नाहीत. माणूस पिऊ शकेल असं पाणीही सोडियम जास्त असेल तर जमीन अशी घट्ट करतं की मुळांना श्वास घेता येत नाही. गव्हाला न झेपणारं खारं पाणी खजुराला चालतं. उंट पितो ते गाईला सोसत नाही. आमचे साहेब कॉलिन यांना प्रत्येक विहिरीसमोर हिरवा नाहीतर लाल ठिपका हवा असे. मावशी दर वेळी त्यांच्याशी भांडून दोन रकाने करून घेत, एक माणसांचा आणि एक पिकांचा. “कॉलिन, यू आर अ व्हेरी नाइस मॅन, पण तुला विहीर कळत नाही,” असं अर्धं मराठीत सुनावत. कॉलिन हसून ‘येस, माउशी’ म्हणत.

त्यांची आणखी एक खोड होती. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे धन आणि ऋण असे दोन भाग असतात. सगळं नीट मोजलं तर दोन्हींची बेरीज सारखी यायला हवी. ती जुळली की आम्ही खूश होऊन पुढचा नमुना घ्यायचो. मावशी मात्र जुळली नाही की खूश व्हायच्या. खुर्चीतून उठायच्या, पदर खोचायच्या आणि “आत कुणीतरी लपलंय!” म्हणून अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं ओरडायच्या. बहुतेक वेळा आत कुणी नसे, आमचीच चूक असे. तरी पुढच्या वेळी त्यांचा आनंद तितकाच ताजा असायचा.

२००२च्या मे महिन्यात मात्र खरंच कुणीतरी लपलेलं होतं. राजस्थानातल्या एका गावात नळयोजना होणार होती. आजूबाजूच्या विहिरी खाऱ्या, फक्त एक चवीला छान, म्हणून गावकरी तिला ‘मीठा कुआँ’ म्हणत. तिचंच पाणी नळाला जोडायचं ठरलं होतं. पंप बसला होता, मंगळवारी सकाळी उद्घाटन होतं आणि आमची सही तेवढी बाकी होती. शुक्रवारी आकडे आले. क्षार बेताचे, फ्लोराइड कमी, सगळं झकास. फक्त ऋणाची बाजू धनापेक्षा बरीच कमी भरत होती.

कॉलिन म्हणाले, “बॅड डेटा, माउशी. ड्रॉप इट अँड साइन.” मावशींनी सही केली नाही. सोमवारी बँक हॉलिडेची सुट्टी होती, तेवढी सवलत त्यांनी मागून घेतली. शनिवारभर आम्ही दोघी ऑफिसात बसून क्लोराइड पुन्हा मोजलं, सल्फेट पुन्हा मोजलं. आकडे तेच. सोमवारी सकाळी त्यांनी गावात फोन लावला. आमचा तिथला माणूस भंवरसिंग, तोच नमुने भरून पाठवायचा. उद्घाटनासाठी तो सरपंचांच्या घरी मुक्कामाला होता. मावशींनी त्याला पाण्याबद्दल काही विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, विहिरीच्या सांडपाण्यावर काय उगवतं?

“मॅडमजी, बाजरा ऐसा होता है कि आदमी छुप जाए! बिना खाद के!”

मावशींनी फोन ठेवला आणि माझे दोन्ही खांदे धरले. “बिनखताचा बाजरा माणसाएवढा? अगं, खत पाण्यातच आहे! नायट्रेट!” आम्ही नायट्रेट मोजलंच नव्हतं. ज्या वाळवंटात कुणी खत टाकत नाही तिथे नायट्रेट कुठून येणार, असं म्हणून योजना देणाऱ्या शहाण्या लोकांनी ती तपासणी गाळली होती. “पिढ्यानपिढ्या गुरं याच विहिरीवर येतात. शेण, मूत सगळं तिथेच मुरलंय. कसं सुचलं नाही मला!” हे म्हणताना त्या अक्षरशः नाचत होत्या. मग एकदम थांबल्या. नायट्रेटचं पाणी मोठ्या माणसाला एक वेळ सोसतं. तान्ह्या बाळाच्या पोटात गेलं तर त्याच्या रक्तात प्राणवायू नीट खेळत नाही आणि बाळ निळं पडतं.

आता ते मोजायचं कसं? मोठ्या प्रयोगशाळेला सुट्टी. आमच्याकडे त्या विहिरीच्या दोन बाटल्या होत्या. एक भरलेली, पण धातू टिकावेत म्हणून तिच्यात आम्हीच नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकलेले. तिच्यात नायट्रेट शोधणं म्हणजे स्वतः मीठ घालून आमटी खारट आहे का बघण्यासारखं. दुसरी साधी बाटली शनिवारच्या मोजण्यांत संपलेली, तळाला चमचाभर पाणी. मावशींनी ती बाटली छातीशी धरली आणि गाडीत बसल्या. “चल, गार्डन सेंटरला!” मला वाटलं, ताणाने यांना काहीतरी झालं.

बँक हॉलिडेच्या दिवशी अख्खं रीडिंग गार्डन सेंटरला असतं. जिरेनियमच्या कुंड्या आणि बार्बेक्यूचे कोळसे घेतलेल्या लोकांमधून मावशी ‘सॉरी, सॉरी’ करत घुसल्या त्या थेट माशांच्या विभागात. फिशटँकचं पाणी तपासायच्या कागदी पट्ट्या तिथे मिळतात. थेंबभर पाण्यात नायट्रेट किती ते त्या रंगाने दाखवतात. काउंटरवरच्या बाईने आपुलकीने विचारलं, कुठले मासे आहेत तुमच्याकडे?

“नो फिश,” मावशी म्हणाल्या. “बेबीज.”

त्या बाईचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. कार पार्कमध्येच मावशींनी बाटली कलती करून पट्टी भिजवली आणि गाडीच्या टपावर ठेवली. आम्ही श्वास रोखून उभ्या. पट्टी गुलाबी झाली, मग गडद होत होत डबीवरच्या शेवटच्या रंगापाशी पोचली. मावशींच्या डिकीत शुद्ध पाण्याचा कॅन कायम असे. त्यांनी उरलेले थेंब त्या पाण्याने भरपूर पातळ करून दुसरी पट्टी भिजवली. तिलाही चांगलाच रंग चढला. “सापडला!” त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या गाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं. मीही ओरडले. एवढा आनंद मला माझ्या परीक्षेच्या निकालालाही झाला नव्हता.

तिथूनच त्यांनी सरपंचांच्या घरी फोन लावला. या वेळी सरपंच स्वतः बोलले आणि चिडले. याच विहिरीचं पाणी पिऊन आम्ही मोठे झालो, उद्या पाहुणे येणार, आणि तुम्ही विलायतेत बसून सांगता पाणी खराब? मावशी त्यांना अडवत नव्हत्या. त्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, गावात वरच्या दुधावरचं बाळ आहे का?

मग सरपंचांचा आवाज बदलला. त्यांचीच नात. सुनेला दूध कमी, म्हणून पावडरचं दूध. काही दिवसांपासून पोरीचे ओठ निळे दिसत होते. कुणी नजर म्हणे, कुणी हृदयाचं दुखणं. डॉक्टरांनी पाणी उकळून द्यायला सांगितलं होतं, म्हणून ते दोन-दोनदा उकळून देत होते.

“उकळू नका!” मावशी ओरडल्या. “उबालने से और बढ़ता है! आत्ताच्या आत्ता शहरात हॉस्पिटलला न्या. डॉक्टरांना सांगा, पाण्यात नायट्रेट आहे. आणि दुधाला दुसऱ्या विहिरीचं पाणी घ्या, खारट लागलं तरी चालेल!” मराठी आणि हिंदीची पार खिचडी झाली होती, पण सरपंचांना सगळं समजलं. गाडी त्या दुपारीच निघाली.

मंगळवारी त्याच पातळ केलेल्या पाण्यावर मोठ्या यंत्रानेही आमच्या पट्टीचीच साक्ष दिली. कॉलिननी उठून मावशींशी हात मिळवला. उद्घाटन पुढे ढकललं गेलं. मावशींना त्याचं काही नव्हतं, त्या आठवडाभर फोनजवळ बसून होत्या, चहासुद्धा तिथेच. रविवारी भंवरसिंगचा फोन आला. मागे बाळ रडत होतं, चांगलं खणखणीत.

“रोने दो उसे,” मावशी म्हणाल्या. “ओठ कसे आहेत ते सांग.”

“लाल, मॅडमजी. एकदम लाल.”

एरवी बोलताना न थकणाऱ्या मावशी फोन माझ्या हातात देऊन खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मलाही रडू आवरत नव्हतं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण मावशींची संपेना. गोडी विहीर बाजऱ्याला दिली हे ठीक, पण दुसऱ्या विहिरीत फ्लोराइड होतं. चार दिवस ठीक, पण वर्षानुवर्षं तेच पोटात गेलं तर दात डागाळतात, पुढे हाडंही धरतात. शरद ऋतूत त्यांनी नोकरी सोडली आणि तिसरं पाणी शोधायला त्या गावीच जायला निघाल्या. हीथ्रोवर त्यांचा मुलगा निखिल वॉटफर्डहून आला होता. इथेच जन्मलेला, मोडकं मराठी बोलणारा, आईवर जीव असलेला. “आई, धिस इज मॅड. तू तिकडे एकटा कशी राहणार? इतका घाई कशाला?”

“अरे, ती पोरगी काय माझ्यासाठी थांबणारेय का?” मावशी म्हणाल्या. “तिचे पक्के दात आत्ता हिरडीच्या आत तयार होतायत. आता उशीर झाला तर डाग कायमचे.” मग त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. “बेरीज जुळली नाही तर घाबरायचं नाही, आनंद करायचा.” आणि मागे न बघता गेल्या. मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता, इतकी मला त्यांची सवय झाली होती.

वर्षभराने त्यांचा फोन आला, नमस्कार-चमत्कार काही नाही. “मिळालं गं!” गावच्या तळ्याकाठी वाळूने बुजलेली एक उथळ विहीर होती. उपसली, तपासली, धनऋण जुळलं. पाणी थोडं, पण सगळ्या गावाला पिण्यापुरतं पुरेसं. त्यानंतर त्या शेजारच्या गावांकडे वळल्या आणि परत यायचं नावच काढेनात. २००८च्या हिवाळ्यात तिथेच, झोपेत गेल्या. निखिलने मला फोन करून कळवलं.

पुढच्या उन्हाळ्यात भंवरसिंगची ईमेल आली. मजकूर काही नव्हता, फक्त एक फोटो. दोन वेण्या घातलेली मुलगी, शाळेचा गणवेश, उन्हाने डोळे बारीक केलेले आणि तोंडभर हसू. दुधाचे दात पडून पुढचे दोन मोठे दात नुकते आले होते. मी तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, नाक स्क्रीनला लागेपर्यंत. कुठे एक डाग नाही. मग त्याची प्रिंट काढून साऱ्या ऑफिसभर पळत सुटले. कॉलिन म्हणाले, “व्हॉट अ लव्हली स्माइल!” रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, किती गोड! मी त्यांच्या नाकासमोर कागद नाचवत ओरडत होते, “स्माइल राहू दे! दात बघा, दात!”