किलवणी नाक्याच्या ट्रेडलवर छापलेला सिद्दी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. छापखान्यात राहिलं की कपड्यांना शाई लागते, तसे ते लागतात. घरी गेल्यावर बायको विचारते, "हे कुठून आणलंत?" आणि आपल्याला नीट सांगता येत नाही. सिल्वासाला किलवणी नाक्याजवळ आमचा छोटा छापखाना होता. तिथे मी ट्रेडल चालवायचो, म्हणजे पायाने मारायचं छपाईचं मशीन. धुळ्याकडून कारखान्यात लागायला आलो होतो, पण लागलो छापखान्यात, आणि तिथेच म्हातारा झालो. किस्से पुष्कळ आहेत. आज फक्त याकूबचे सांगतो. हसायला हरकत नाही, पण मला अजून हसता हसता एकदा मागे वळून बघावंसं वाटतं.

०

मी शाळेत गेलेलो नाही. दुसरीकडे ही लाज, आमच्याकडे हीच डिग्री! आमचे मालक म्हणजे मास्तर, रत्नागिरीकडचे, शाळेतून रिटायर झालेले. शाळांच्या परीक्षांचे पेपर आमच्याकडे छापायला यायचे ते माझ्यामुळे. हेडमास्तर विचारायचे, "मशीनवरचा माणूस भरवशाचा आहे ना? पेपर फुटायला नको."

मास्तर छाती काढून सांगायचे, "भरवशाचा काय, अंगठेबहाद्दर आहे!"

नव्वद सालानंतरची गोष्ट. एका दुपारी एक उंच माणूस आला. काळाभोर, कुरळे केस, अंगावर प्लास्टिकच्या कारखान्याचा निळा शर्ट. नाव याकूब. मूळचा मुरुडकडचा सिद्दी. त्याचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेतून जहाजाने आले, ते तिथेच राहिले. मराठी मात्र आपल्यापेक्षा चांगलं! काखेत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही.

"तुमच्याकडे न वाचणारा माणूस आहे म्हणे."

"आहे."

"मग माझं पुस्तक छापा."

मास्तर चष्म्यावरून बघत राहिले. "पुस्तक छापायचंय, आणि कोणी वाचायला नको?"

"वाचायला पाहिजे, मास्तर. पण इथे नको."

०

वहीत काय आहे ते त्यानेच मला पुढे सांगितलं. माणूस बाईसाठी जे लिहितो, ते त्याने एका पुरुषासाठी लिहिलं होतं. त्या काळात यावर कायदा होता, आणि कायद्यापेक्षा मोठी माणसांची तोंडं होती. याकूबला एकच गोष्ट हवी होती. पुस्तक निघावं, आणि त्यावर नाव असावं, पूर्ण: याकूब इब्राहिम सिद्दी.

छापायला त्याने आधी मोठ्या ठिकाणी पाठवून बघितलं होतं. ती पत्रं चहा पिताना तो मला वाचून दाखवायचा. एका संपादकाने लिहिलं होतं, "भाषा सुंदर आहे. नायकाच्या जागी नायिका घातलीत तर दिवाळी अंकात घेऊ." दुसऱ्याने लिहिलं, "आपल्या समाजाच्या नाचाविषयी लिहावे. ढोल वाजवतानाचा फोटो असल्यास उत्तम."

"आबा, मला नाचता येत नाही," याकूब म्हणाला. "ढोल तर नाहीच नाही."

तिसऱ्या ठिकाणाहून पत्र आलंच नाही. पाकीटच परत आलं. त्याने मुरुडहून लाखेचं सील लावून पाठवलं होतं, ते सील जसंच्या तसं. वरती शिक्का: न उघडता परत. याकूबने स्वतःच्या हाताने सील फोडलं. आत प्रत्येक पानावर एकेका ओळीशेजारी पेन्सिलची बारीक खूण होती! आणि शेवटच्या पानाखाली एकच शब्द.

"कोणता?" मी विचारलं.

"मीसुद्धा."

०

आमच्याकडे अक्षरं जुळवायला सुमनबाई होत्या, जळगावच्या. एकेक शिशाचं अक्षर उचलून ओळीत लावायचं, तेही उलटं, म्हणजे कागदावर सुलट उठतं. मास्तरांना काळजी पडली की बाईमाणूस हे वाचून काय म्हणेल. सुमनबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "मास्तर, मी अक्षरं वाचते. मजकूर वाचायचा पगार कुठं देता तुम्ही?"

तीन दिवस खाली मान घालून काम. चौथ्या दिवशी याकूब आला, तशा त्या हातातलं काम टाकून उठल्या.

"काय वो भाऊ, तो दुसरा माणूस परत येतो का नाही? तेवढं सांगून टाका. माझा हात चालत नाही!"

०

परत येण्यावरून जोसेफ आठवला. हा खरा आफ्रिकेतला. गुजरातमधल्या कॉलेजात इंजिनियरिंग शिकत होता, सहा महिने इथल्या कारखान्यात ट्रेनिंगला. त्याला लिनोलियमच्या, म्हणजे फरशीवर घालतात त्या रबरासारख्या थराच्या, तुकड्यावर चाकूने चित्र कोरायचा नाद. कोरलेल्या तुकड्यावर, म्हणजे ब्लॉकवर, शाई लावून छापलं की चित्र उठतं. मशीन शोधत शोधत आमच्याकडे आला. मोडकं हिंदी बोलायचा, माझंही तसंच, त्यामुळे आमचं छान जमलं.

पहिला ब्लॉक त्याने दिला तो एका माणसाच्या चेहऱ्याचा. "मेरा चाचा," म्हणाला. समुद्रात मासे मारायला गेला, परत आला नाही. फोटो नव्हता, आठवणीतून कोरला होता. डाव्या भुवईवर जखमेची खूण.

मी छापलं. कागद उचलला तर जोसेफने कपाळावर हात मारला. छापताना चित्र उलटं होतं हे तो विसरला होता. चाचाची डावीकडची खूण उजवीकडे गेली. "गलत आदमी हो गया," म्हणाला.

तेवढ्यात ड्यूटी संपवून याकूब दारात आला. लहानपणी त्याला वल्हं लागलं होतं. उजव्या भुवईवर.

मी कागदाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. तेच नाक, तेच कान, तीच खूण. दोघांनी त्याआधी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं, मी विचारून घेतलंय. सुमनबाई म्हणाल्या, "अगं बाई! मेलेल्याचं काढायला गेला न जित्याचं निघालं!"

जोसेफ काही घाबरला नाही. उठला, याकूबसमोर उभा राहिला, नि म्हणाला, "बहुत देर किया."

त्यानंतर दोघं एकाच खोलीत राहायला लागले. पानवाल्याने याकूबला विचारलं, "तुझ्या गावाकडचा काय रे?" याकूब म्हणाला, "हो. फक्त गाव सोडून बरीच वर्षं झाली!"

०

त्याच ब्लॉकचा दुसरा किस्सा. चित्राच्या प्रती काढून झाल्या, ब्लॉक मी घासलेटने धुतला, कागदात बांधून जोसेफला दिला. छापायच्या कागदामागे मशीनमध्ये असतो तो अस्तराचा कागदही बदलला, ही माझी सवय. मग एका शेठच्या मुलीच्या लग्नपत्रिका लावल्या. जाड, पांढऱ्या, सोनेरी गणपतीच्या.

दुसऱ्या दिवशी शेठ दहा-बारा पत्रिका घेऊन तणतणत आले. पत्रिकेच्या मागे फिकट, धुक्यातून दिसावा तसा चेहरा!

"आ कोण छे?" शेठ ओरडले.

मास्तरांचा चेहरा पडला, पण जीभ पडली नाही. "शेठ, वॉटरमार्क आहे तो. परदेशी कागद!"

शेठने पत्रिका उजेडात धरली, परत बघितली. "तो बधामां नाखो ने!"

आता सगळ्यांत कसा घालायचा? मी चार दिवस खटपट केली. पुन्हा तो काही आला नाही. त्या बिघडलेल्या पत्रिका जोसेफला दाखवल्या, तर त्याने आपला ब्लॉक शेजारी ठेवून बघितला. मग म्हणाला, हा मी कोरलेला नाही. माझं चित्र समोर बघतं. हा दाराकडे बघतोय.

आठवड्याने जोसेफचं ट्रेनिंग संपलं. त्याला त्याच्या देशात परत जावं लागलं.

०

मग तीन-चार महिन्यांनी पोस्टमन एक पाकीट घेऊन आला. वरती परदेशी तिकीट, खाली "सिल्वासा, इंडिया", आणि पत्त्याच्या जागी आमच्या ट्रेडलचं चित्र. चाक, पायडल, बाजूला टोपी घातलेला मी!

"पत्ता नाही तर आणलंत कसं?" मास्तरांनी विचारलं.

पोस्टमन म्हणाला, "आबांची टोपी ओळखली."

आत एक छापील कागद होता. याकूबने तो आम्हाला मराठीत करून सांगितला. परदेशात एक मासिक निघतंय. आफ्रिकेतले, किंवा आफ्रिकेच्या रक्ताचे, जगात कुठेही राहणारे, आणि ज्यांचा जीव आपल्याच जातीच्या माणसावर, म्हणजे पुरुषाचा पुरुषावर, बाईचा बाईवर, अशांनी लिहावं, चित्रं काढावीत, आम्ही छापू. भाषा कोणतीही चालेल, भाषांतर आम्ही करू. नाव द्यायचं की नाही, तुमच्या मर्जीवर. जोसेफने आपली चित्रं पाठवली होती. शेजारी याकूबचं लिखाण यावं म्हणून वाट बघत होता.

याकूबने कागद घडी केला, उघडला, परत घडी केला. "आबा, मी आफ्रिकन आहे का? घरात कोणाला तिथला एक शब्द येत नाही. आणि इथे तर कारखान्याच्या गेटवर रोज मला विचारतात, पासपोर्ट कुठे आहे."

मी म्हणालो, "बाबा, मला वाचता येत नाही. पण कोणीतरी तुझी वाट बघतंय एवढं या कागदावर लिहिलंय, ते मला कळलं."

"हो," तो म्हणाला. "तेवढंच लिहिलंय."

०

आता शेवटचा.

पुस्तकाची बाकी सगळी पानं छापून झाली होती, फक्त पहिलं राहिलं होतं, तेव्हा मुरुडहून याकूबचा मोठा भाऊ आला. सज्जन माणूस. ओरडला नाही, मारलं नाही. बाकावर बसला, पाणी प्याला, नि म्हणाला, "लिही, छाप, कुठे पाठवायचं तिथे पाठव. फक्त नाव नको. अम्मीला मोहल्ल्यातून चालावं लागतं."

भाऊ ओरडला असता तर याकूब भांडला असता. याने भांडायला जागाच ठेवली नाही. याकूब सुमनबाईंकडे वळला. "काढा."

त्यांनी पहिल्या पानाच्या साच्यातून नावाची ओळ उचलली, आणि त्या जागी कोरे शिशाचे तुकडे भरले. हे तुकडे अक्षरांपेक्षा बुटके असतात, त्यांना ना शाई लागते ना ते कागदाला टेकतात. मास्तर डोकं धरून बसले. कायद्याने छापणाऱ्याचं नाव पुस्तकावर लागतंच. "छापणाऱ्याचं नाव राहणार, आणि लिहिणाऱ्याचं जाणार! कुठलं शास्त्र हे?"

भाऊ जेवायला गेला. उन्हं चांगली होती, खिडक्या सताड उघड्या. मी पायडल मारायला लागलो. पहिला कागद निघाला की मी नेहमी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरवतो. दाब कमीजास्त असेल तर अंगठ्याला समजतं. वरती पुस्तकाच्या नावाचे उंचवटे लागले. खाली मास्तरांच्या नावाचे लागले. आणि मधल्या कोऱ्या जागेतही लागले.

मी मशीन थांबवलं. "सुमनबाई, जरा इकडे या."

कागद सरळ धरला तर पांढराशुभ्र. शाईचा ठिपका नाही. त्यांनी तो उलटा केला, पाठीवरून बोट फिरवलं. जन्मभर उलटी अक्षरं हाताळलेली बाई. बोट अर्ध्यावर गेलं नि त्यांचे ओठ हलायला लागले. त्यांनी याकूबचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं.

मास्तरांनी साचा खोलायला लावला. मी खोलला. ओळीच्या जागी कोरे तुकडे, सगळे बुटके. काढलेली नावाची ओळ टेबलावर सुतळीने बांधलेली, तशीच. साचा परत आवळला, दुसरा कागद घातला. त्यावरही उठलं. तिसऱ्यावरही.

"काय करू?" मी याकूबला विचारलं.

तो खिडकीशी पाठमोरा उभा होता. "नाव लावलेलं नाही ना आपण?"

"नाही."

"मग चालू द्या, आबा."

शंभर प्रती काढल्या, शंभरांवर उठलं. पुढे एक प्रत परदेशी गेली, मासिकात आली, शेजारी जोसेफचं चित्र होतं, ते सगळं झालं. पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

भाऊ जेवून आला, तोवर सुमनबाईंनी दोन-चार प्रती शिवून ठेवल्या होत्या. प्रती बाहेर जाण्याआधी त्याला बघायचं होतं. पहिलं पान उघडून त्याने खिडकीच्या उजेडात धरलं, वरून खाली बघितलं. नाव नव्हतं. त्याने मान डोलावली, आणि पान मिटायला त्यावर हात ठेवला.

हात तिथेच राहिला.

अंगठा एकदा डावीकडून उजवीकडे गेला. मग सावकाश, दुसऱ्यांदा. त्याने याकूबकडे बघितलं नाही. पुस्तक रुमालात गुंडाळलं, पिशवीत ठेवलं, दारापर्यंत गेला, आणि तिथून परत आला.

"आणखी एक द्या," म्हणाला. "अम्मीसाठी."