बाराचे वाचक

देवावर, डॉक्टरवर, अगदी हवामान खात्यावरसुद्धा विश्वास ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. पण सरकारी जाहीर सूचनेवर जीव जडलेला माणूस आमच्या मामेसासऱ्यांखेरीज साऱ्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. माझी सासुरवाडी ज्या लहानशा गावात आहे आणि लग्नानंतर नोकरीमुळे मीही जिथं येऊन राहिलो, तिथल्या नगरपरिषदेत ते शिपाई होते. एका हातात खळीचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश, काखेत कागदांची गुंडाळी, अशी तीस वर्षं त्यांनी गावाच्या भिंतींवर सूचना डकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, नाहीतर गुडघे. मामांनी वाचायला सुरुवात केली. इतकी वर्षं नुसतं डकवलं, वाचायचं राहूनच गेलं, असं ते म्हणायचे.

उन्हाळा हा त्यांचा हंगाम. पावसाळ्यात कागद भिजतात, थंडीत कचेऱ्या सुस्तावतात. पण एप्रिल लागला की नगरपरिषदेचा फलक भरून वाहायला लागायचा. पाणी तीन दिवसांआड. मुलांसाठी पोहण्याचं शिबिर. मोतीबिंदूची तपासणी. कुस्त्यांचं मैदान. फांद्या तोडायच्या म्हणून दिवसभर वीज बंद. हरवलेली म्हैस, डावं शिंग मोडकं. मामा प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचायचे आणि शेवटच्या वाक्याशी येऊन थबकायचे. ‘मुदतीत हरकत न आल्यास कोणाचीही काही हरकत नाही असे समजण्यात येईल.’ मराठी भाषेत याच्याइतकं भयंकर वाक्य नाही असं त्यांचं मत होतं. ‘आमी गप हाय म्हंजे राजी हाय, असं समजनारा ह्यो कोन? त्याचं नाव लिवा की खाली,’ असं ते कारकुनाला विचारायचे. आणि कुणी गप्प राहिल्यामुळे घात होऊ नये म्हणून गावातल्या प्रत्येक सूचनेवर ते स्वतः हरकत घ्यायचे.

एका मुलीनं नावात बदल करून घेतला, तर मामांचा अर्ज: जुन्या नावानं हाक मारणारी आजी हयात आहे, तिला कमी ऐकू येतं, नवं नाव तिच्यापर्यंत पोचणार नाही. चिंचेच्या फांद्या तोडायच्या ठरल्या, तर कावळ्यांची घरटी बांधणं चालू आहे, त्यांना वाचता येत नाही, सबब मुदत वाढवावी. चौकात कुणाच्या श्रद्धांजलीचा फलक लागला आणि त्यावर ‘अचानक निधन’ असं छापलेलं दिसलं, तर हे तो लावणाऱ्या तालमीच्या अध्यक्षाकडे लेखी घेऊन गेले, की मयत तीन वर्षं अंथरुणावर होता, अचानक काय? बरं, फोटोत मयताच्या डोळ्यांवर गॉगल होता, त्यावर मात्र मामांची काही तक्रार नव्हती. प्रत्येक अर्जाच्या तळाशी ‘अर्जदाराचा विषयाशी संबंध’ असा रकाना ते स्वतःच आखायचे आणि त्यात लिहायचे, ‘नाही’.

पोहण्याचं शिबिर जुन्या विहिरीत भरणार होतं त्या वर्षी त्यांनी हरकत घेतली, की विहिरीत आधीपासून जे आहेत त्यांची संमती घेतलेली नाही. कारकून खो खो हसला आणि म्हणाला, किती जण आहेत ते तरी सांगा. मामांनी जाड भिंगांचा चष्मा काढून पुसता पुसता तीन नावं सांगितली, कुठल्या साली कोण ते सांगितलं, आणि त्यातली एक बाई बुडताना कारकुनाच्या आज्याला हाक मारत होती हेही सांगितलं. शिबिर भरलं. पण त्या कारकुनानं आपल्या पोराला पाठवलं नाही.

मामा फलक वाचायला बरोबर बाराला जायचे. आमच्याकडे वैशाखातले बारा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. डांबर चपलेला धरतं, कुत्री गटारीत पोट टेकून पडतात, दुकानांच्या फळ्या अर्ध्या लागतात आणि सगळ्या गावात आवाज म्हणून राहत नाही. त्या वेळी गर्दी नसते म्हणून ते जातात, असं मला वाटायचं. एकदा मामींनी मला गळ घातली, की त्यांना ऊन लागेल, बरोबर जा. मी छत्री धरून गेलो. मामांचं वाचन चाललं होतं, मोतीबिंदूपर्यंत आलं होतं. मधेच ते सहज म्हणाले, ‘जरा सरका पावणं, ह्यांना दिसत न्हाय.’ मी सरकलो. मागे वळून पाहिलं तर रस्ता पार चौकापर्यंत मोकळा होता. तरी मी अंग चोरून तसाच उभा राहिलो, मामा ‘हं’ म्हणेपर्यंत. परत येताना ते मला समजावून सांगत होते, एसटीतल्या माणसांबद्दल सांगावं तसं. बाराचे वाचक वेगळे असतात. त्यांना घाम नसतो. ते सूचना वाचत नाहीत, नाव शोधतात; नाव सापडलं नाही की जातात. मी हसलो, आणि छत्री त्यांच्या डोक्यावर नीट धरली.

आता जे लिहितो आहे ते मी बावीस वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. मला एक थोरला भाऊ होता. ‘होता’ लिहावं की ‘आहे’, इथंच माझी लेखणी अडते. दादा आमच्या नेसरीकडच्या गावी आईजवळ असायचा. स्वभावानं गरीब, पण एकटाच बोलायचा, जेवता जेवता उठून चालायला लागायचा. त्याचं लग्न झालं नाही. माझं जमलं तेव्हा मला भीती वाटली, की थोरला बिनलग्नाचा का, असं मुलीकडचे विचारतील. ते घर बघायला आले त्या दिवशी मी त्याला मळ्यात पाठवून दिलं. पत्रिकेत निमंत्रक म्हणून चुलते, मावसभाऊ, आमचा दूधवाला, सगळ्यांची नावं घातली, दादाचं घातलं नाही. छापखान्याची चूक झाली असं त्याला सांगितलं. तो ‘बरं’ म्हणाला. लग्नादिवशी पहाटे तो घरातून बाहेर पडला. वऱ्हाडाची गाडी निघताना आई म्हणाली, थांबा, थोरला यायचाय. मी म्हणालो, तो मागनं येईल. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही.

बायकोला महिन्याभरात सगळं कळलं. तिनं ते माहेरी कधी बोलून दाखवलं नाही, आणि मामांना काही ठाऊक नाही असं मी धरून चाललो. पुढं आई गेली. गावच्या घराला वारस म्हणून आम्हा दोघा भावांची नावं लागली आणि साधी पडकी भिंत पाडून बांधायची तरी दादाची सही हवी, असं झालं. वकील म्हणाले, सात वर्षांच्या वर बेपत्ता असलेल्या माणसाला कोर्टातून मृत ठरवून घेता येतं, जाहीर नोटीस काढायची, हरकत आली नाही की झालं. मी सही केली. दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखात ती नोटीस इथल्या नगरपरिषदेच्या फलकावरही लागली. मुदत पंधरा दिवस.

मामा ती वाचणार नाहीत असं समजण्याइतका मी खुळा नव्हतो. अंदाज घ्यायला म्हणून कलिंगड घेऊन गेलो. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या, बिया मोजल्यासारख्या ताटलीत काढून ठेवल्या आणि पाण्याच्या वेळांबद्दल बोलत राहिले. चौदा दिवस हरकत नाही. पंधराव्या दिवशी दुपारी ते भर उन्हात माझ्या दारात उभे राहिले. नियमानं अर्जदाराला प्रत द्यावी लागते, म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिला. त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘सदर इसम मयत नाही. दर वैशाखात दुपारी फलक वाचण्यास येतो. प्रथम मूळ अर्जदाराच्या लग्नादिवशी आला. फलकावर लग्नपत्रिका लावली होती, ती वाचून “यात माझं नाव नाही” असे म्हणाला.’ तळाशी रकाना होता, अर्जदाराचा विषयाशी संबंध. तो पहिल्यांदाच कोरा होता.

आत भांड्यांचा आवाज थांबला. मामा तांब्याभर पाणी प्यायले.

‘भाचीच्या लग्नाची म्हून तुमच्याकडनं आल्याली पत्रिका हौसेनं मीच डकवली हुती,’ ते म्हणाले. ‘त्याला शेजारी मंगल कार्यालयात घिऊन यायला पायजे हुतं मी. पर हाताला खळ, अक्षतांना दहा मिंटं ऱ्हायलेली. म्हटलं, हरकत असंल तर लिवून आना, पावणं. चेष्टा केली. तवापासनं येतोय.’

‘यंदा?’ मी विचारलं.

‘आला की. ह्या नोटिशीम्होरं लई वेळ हुबा ऱ्हायला. नाव बरोबर छापलंय म्हनला. खाली तुमचं हाय न्हवं, अर्जदार, नातं भाऊ. तेवढं दोनदा वाचलं.’

दोघांची नावं मी एका जाहीर कागदावर घातली ती आयुष्यात एवढी एकदाच, आणि कशासाठी, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. मामा म्हणाले, पाच वाजता मुदत संपते, दाखल करू का नको ते सांगा. या माणसानं आजवर हरकत घेताना कुणाची परवानगी मागितली नव्हती.

‘गप बसू नगासा, जावईबापू. तुमी गप बसलासा तर मी काय समजायचं?’

मी अर्ज मागे घेतो म्हणालो. मामांनी मान हलवली, कागद परत घेतला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग जरा खट्टू होऊन म्हणाले, की आता या हरकतीचा काही उपयोग नाही, पण अक्षर मात्र असं कधी आलं नव्हतं. तीन प्रती काढल्या होत्या त्यांनी.

घर अजून दोघांच्या नावावर आहे, भिंत पडकी आहे. गेल्या थंडीत मामा गेले. त्यांच्या श्रद्धांजलीच्या फलकावर मी ‘अल्पशा आजाराने’ असं छापू दिलं नाही. सहा महिन्यांचा दमा होता. या उन्हाळ्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका छापणाऱ्यानं विचारलं, थोरल्या चुलत्यांच्या नावामागं ‘कै.’ लावायचं ना? मी नको म्हणालो. मग हयात आहेत का, म्हणाला. मी म्हटलं, नाव पहिलं छापा.

एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. दादा हरवल्याची तक्रार देताना त्याच्या अंगावर जुने पांढरे कपडे होते असं मी लिहून दिलं, आणि नोटिशीतही तेच आलं. खरं म्हणजे आईनं माझ्या लग्नासाठी त्याला गर्द निळा शर्ट शिवला होता. तो घालून तो निघाला. तसं सांगितलं असतं तर तो कुठं निघाला होता हे कुणीही ओळखलं असतं. आईमागं हे फक्त मला माहीत आहे. फलकापुढच्या माणसाच्या अंगात काय होतं, एवढंच मामांना विचारायचं होतं. पांढरा म्हणाले असते, तर मामांनी नोटीस वाचून सगळं रचलं. निळा म्हणाले असते, तर माझ्या डोक्यावर अक्षता पडत होत्या तेव्हा दादा भिंतीपलीकडे उन्हात उभा होता.

विचारायचं राहून गेलं, असं मी स्वतःला सांगतो. ते खरं नाही. शेवटच्या महिन्यात एकदा मामा आपण होऊनच म्हणाले, ‘त्याच्या अंगात की नाय, जावईबापू...’ आणि मी घाईनं विचारलं, की नळाला पाणी कधी येणार आहे. मामा माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, ‘परवा. सकाळी सा ते साडेसात.’