प्लगची टोपी

रत्नागिरीत भुतांना तोटा नाही. वडावर एक, विहिरीत एक, खाडीच्या तरीवर एक. पण गवत कापायच्या यंत्रात भूत असलेला माणूस एकच, गंगाराम धनावडे.

भाट्याच्या वर कातळावर एका कंपनीचा पाहुणेबंगला होता. कातळावर कुसळ उगवायची मारामार, तिथे साहेबांना हिरवळ हवी होती. हौसेला मोल नाही! ट्रकांनी माती आणून हिरवळ झाली आणि ती कापायला पेट्रोलचं यंत्र आलं. त्याची निगा गंगारामकडे. दर पंधरवड्याला पेट्रोलची चावी बंद करायची, हवेची गाळणी वरच्या अंगाला राहील असं यंत्र कलतं करायचं, पोटाला चिकटलेलं वाळकं गवत खरवडायचं. मातीतून चिऱ्याचे खडे वर येऊन पात्याला दात पाडत, म्हणून पातं काढून कानस मारायची. मग ते खिळ्यावर अडकवून दोन्ही बाजू समतोल आहेत का ते बघायचं. पण या सगळ्याच्या आधी प्लगची टोपी, म्हणजे ठिणगीच्या वायरीचं रबरी टोपण, उपसून बाजूला करायचं. ते बसलेलं राहिलं तर नुसतं हाताने पातं फिरवलं तरी इंजिन उसळी घेऊ शकतं.

गंगाराम नुसती टोपी काढून थांबत नसे. अख्खा प्लगच काढून सदऱ्याच्या खिशात टाकी. खिसा चाचपी, पुन्हा चाचपी. तरी पात्याला हात लागला की कानाशी आवाज येई, "गंग्या, टोपी काढलीस काय रे?"

आवाज लवूचा. आणि लवूला जाऊन वर्ष झालं होतं.

लवू बंगल्यावरचा दुसरा माळी, खाडीकाठच्या मासेमारांतला. होडी लागते म्हणून जमिनीवर कामाला आलेला, त्यावरून गंगाराम त्याला किती छळी! सन ऐंशीच्या खंडेनवमीला दोघांनी कोयते, कुदळी, कात्र्या घासूनपुसून पूजेला मांडल्या. गंगारामने टोपी काढून यंत्रही लख्ख केलं. पण तिथली रीत अशी की नारळ फुटला की यंत्र पहिल्या ओढीला सुरू व्हायला हवं, नाहीतर वर्षभराचा अपशकुन. साहेबांसमोर शोभा नको, म्हणून गंगारामने टोपी बसवून यंत्र एकदा चालवून पाहिलं, बंद केलं आणि फुलं आणायला गेला. टोपी तशीच राहिली.

लवू यंत्र कलतं करून हळदकुंकवाची वाटी घेऊन त्याच्याशी बसला. नेहमीप्रमाणे त्याने विचारलं, "गंग्या, टोपी काढलीस काय रे?"

"काढली, काढली," फुलं घेऊन परतलेला गंगाराम म्हणाला. सकाळी काढलेली त्याला आठवत होती, बसवलेली आठवली नाही. जिभेला काय, हाड नसतं.

लवूने पात्याच्या एका टोकाला कुंकू लावलं. दुसरं टोक पुढे आणायला पातं फिरवलं. इंजिन एकदाच खोकलं. उजव्या हाताची चार बोटं गेली.

टोपी कुणी ठेवली, असं साहेबांनी विचारलं तेव्हा गंगारामच्या तोंडाला कुलूप. पंचा गुंडाळलेला हात छातीशी धरून लवूच म्हणाला, "मीच इसरलो." लवूला पोरबाळ नव्हतं, गंगारामला तीन पोरी होत्या. लवूची नोकरी गेली, गंगारामची राहिली. पुढे सहा वर्षांनी लवू काविळीने गेला. तो असेपर्यंत गंगाराम वाट बदलून जाई. तो गेल्यावर मात्र वाट बदलायची सोय राहिली नाही.

लवूची बायको सावित्री डोक्यावर पाटी घेऊन मासे विकी. दर खंडेनवमीला ती यंत्रासाठी झेंडूची माळ घेऊन बंगल्यावर येई. सत्याऐंशीलाही आली. माळ घालून ती पायरीवर बसली, ती बसलीच. अंगाची काडी झालेली. गंगारामने पाणी दिलं.

"वयनी, जेवत नाय काय?"

"जेवते की. भाकरी." तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. "भावजी, तुमाला कधी सांगितलं नाय. त्या नवमीच्या सकाळी मीच त्येना बांगडा वाडला. पूजेच्या आदी! देवीन बोटां नेलीन. तवापासून मी मासो तोंडाला लावला नाय. दर साली माळ आनते, पन ती काय माफ करीत नाय."

गंगारामचा हात खिशावर गेला. प्लग होता. त्याने लवूच्या आवाजाची वाट पाहिली, आणि तो नेमका तेव्हाच गप्प बसला. त्या गप्पपणाची गंगारामला इतकी भीती वाटली की तोंडातून शब्द आपोआप निघाले.

"वयनी, बांगड्याचा दोष नाय. टोपी मी ठेवली. त्यान इचारलं, मी काढली म्हटलं. माझ्या पोरींसाटी त्यान आळ आपल्यावर घेतला."

आता ही शिव्या देणार, कपाळ बडवून घेणार, असं त्याला वाटलं. देईल तर बरं, असंही वाटलं. सावित्री यंत्राकडे बघत राहिली.

"आनी त्येना म्हायत होतं?"

"होतं."

"सा वर्सां," ती हळूच म्हणाली. "माझ्या म्होरं बसून मासे जेवले. मी कोरडी भाकरी मोडत होते, ते बघत ऱ्हायले. एक डाव बोलले नायत."

मित्राच्या उपकाराची किंमत या बाईने चुकती केली, हे त्याला त्या क्षणापर्यंत कधी सुचलंच नव्हतं. सावित्री उठली, यंत्रावरची माळ काढून पाटीत टाकली आणि घाटी उतरून गेली. त्यानंतर तिची माळ कधी आली नाही.

त्या नवमीनंतर पंधरवड्याने गंगारामने यंत्र कलतं केलं. प्लग खिशात टाकला, चाचपला, पात्याला हात लावला. लवूचा आवाज आला नाही. त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि कानस उचलली.

तेव्हा कानाशी बाईचा आवाज आला, "आनी त्येना म्हायत होतं?"