क्रमशःबाई आणि माशांची बेल

मी कपडे शिवते. माप घेताना तोंड बंद ठेवावं असा माझा नियम आहे, कारण बोलता बोलता टेप सरकतो. त्यामुळे बडबड्या माणसांचं आणि माझं कधी जमलं नाही. आणि नशिबाने नेमकं मला अशा बाईच्या ताब्यात दिलं, जिचं तोंड मशीनबरोबर सुरू होतं आणि मशीन थांबल्यावरही लगेच थांबत नाही.

किडन्या निकामी झाल्या की माणसाचं रक्त मशीनमधून साफ करून परत अंगात सोडतात, त्या डायलिसिसच्या खोलीबद्दल बोलतेय मी. दाराजवळ वजनकाटा. आलं की आधी त्याच्यावर उभं राहायचं आणि गेल्या वेळेपासून मोजून दिलेल्यापेक्षा किती पाणी चोरून प्यायलो ते सगळ्यांना कळू द्यायचं. मग मागे कलणारी खुर्ची, हातात दोन सुया, आणि एक दिवसाआड चार-चार तास तो हात हलवायचा नाही. खोली गार असते, म्हणून जो तो घरून पांघरूण आणतो. माझं मी उरलेल्या कापडांचं शिवलंय, आणि त्या खोलीतलं तेच सगळ्यात देखणं आहे.

सुया टोचणारी, मशीन लावणारी ती क्रमशः. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते फक्त डॉक्टर वापरतात. चाळिशीची, अंगाने दणकट, घरी सासू आणि कॉलेजातली मुलगी. घर लांब, येता-जाता बसमध्ये बराच वेळ जातो, आणि तेवढा वेळ ती मोबाईलवर जगभरच्या नवलाच्या गोष्टी उकरून काढते. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षाहून मोठा असतो. असलं काहीतरी रोज. सुरुवात तिने सुईसाठी केली होती. टोचताना पेशंटने हाताकडे बघू नये, तोंडाकडे बघावं, म्हणून. मग तिच्या लक्षात आलं की गोष्ट सुईला सुरू करण्यापेक्षा सुईला संपवलेली बरी. तेव्हापासून ती निघायच्या वेळी गोष्ट सुरू करते, ऐन मोक्याच्या जागी चिकटपट्टी लावून आम्हाला घरी पाठवते, आणि शेवट पुढच्या वेळी सुई हातात घेऊन सांगते. माणसं आपणहून हात पुढे करतात. मासिकात गोष्ट अर्धी सोडून खाली छापतात ना, क्रमशः, तेच तिचं नाव पडलं.

पहिल्यांदा माझ्यावर हा प्रयोग झाला तेव्हा मी म्हणाले, "मला नको तुझी गोष्ट. सुई टोच आणि जा."

"बरं मावशी," ती म्हणाली. पण शेजारच्या खुर्चीला कुठल्याशा पक्ष्याची गोष्ट सांगताना आवाज एवढा मोठा केला की मला कान मिटता आले नाहीत. आगाऊ आहे ती. पुढच्या खेपेला मीच विचारलं, मग त्या पक्ष्याचं काय झालं.

एक मात्र सांगते, थापा नाही मारत. दुसऱ्या कुठेतरी तपासून पाहिल्याशिवाय गोष्ट खोलीत आणायची नाही आणि आजारावरच्या उपायांबद्दल चकार शब्द बोलायचा नाही, हे तिचे नियम. मोबाईलवर आलेला कसलासा काढा पिऊन एक पेशंट मरता मरता वाचला होता, तेव्हापासूनचे.

माझ्या डाव्या बाजूची खुर्ची लिफ्टवाल्या काकांची. एका जुन्या कचेरीत त्यांनी जन्मभर लिफ्ट चालवली. स्टुलावर बसायचं, बेल वाजली की त्या मजल्यावर जायचं, जाळीचं दार ओढायचं. बायको गेलेली, लेकीकडे राहतात. लेक त्यांना सोडून कामावर जाते आणि परत न्यायला येते. माणूस सभ्य, पण पार कंटाळलेला. वसंताच्या सुरुवातीला एकदा ते डॉक्टरांना शांतपणे म्हणाले, "आता पुरे. मला हे थांबवायचंय." डॉक्टरांनी पडदा ओढून त्यांना आणि लेकीला समजावलं की थांबवलं तर माणूस थोडेच दिवस काढतो. पडद्याआडचं सगळं ऐकू येतं. काका म्हणाले, "ठाऊक आहे." लेक रडत होती. निर्णय तुमचाच, पण थोडा विचार करा, एवढंच डॉक्टर म्हणाले.

त्याच दिवशी निघताना क्रमशःने माशांची बेल काढली. लांबच्या एका शहरात कालव्याला मोठं दार आहे. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघतात आणि दार बंद म्हणून अडकून बसतात. तिथे पाण्याखाली कॅमेरा लावलाय. जगातल्या कुणीही घरबसल्या बघायचं, मासा दिसला की मोबाईलवरची बेल दाबायची.

"मग?" काकांनी विचारलं. त्यांनी काही विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"मग काय होतं ते पुढच्या वेळी," म्हणून ही दुसऱ्या खुर्चीकडे पसार.

पुढच्या वेळी काका आले. बेल वाजली की माशांसाठी दार उघडतात, हे सुई टोचून घेताना कळलं, आणि त्यांचे प्रश्न संपेनात. दार उघडायला माणूस आहे की आपोआप उघडतं? माणूस आहे. त्याची ड्यूटी कधी सुटते? बेल ऐकून तो लगेच उठतो का? क्रमशःला यातलं अर्धंच माहीत होतं. मग तिने तो कॅमेराच त्यांच्या मोबाईलवर लावून दिला. हिरवट, गढूळ पाणी, आणि बराच वेळ काहीही नाही. मी म्हटलं, यापेक्षा भिंत बघावी.

पण काका बघत राहिले. हळूहळू अख्खी खोली आपापल्या मोबाईलवर बघायला लागली. पान वाहत आलं तरी लोक बेल दाबायचे, आणि मग काका खवळायचे. "उगाच बेल मारू नका. तिकडच्या माणसाला उठावं लागतं." एकदा मला खरोखरचा मासा दिसला, ऐटीत समोरून गेला, मी बेल दाबली. तर मलाही ऐकवलं, "बाई, एकट्यासाठी कोणी दार उघडतं का? चार जण जमू द्या." जन्मात मी कुणाकडून ऐकून घेतलं नाही, पण त्या दिवशी घेतलं. थांबवायची भाषा मात्र त्यांनी सोडली नव्हती. लेकीला म्हणाले होते, "मासे जाऊ देत वर, मग बघू." ते तिने क्रमशःला सांगितलं आणि क्रमशःने मला, आणि आम्ही दोघी मासे कमी व्हायला लागले की एकमेकींकडे बघायचो.

एक दिवस मोबाईलवर ते पाणी दिसेना. हंगाम संपला, पुढच्या वसंतात भेटू, अशी पाटी आली. काकांनी ती वाचली, मोबाईल खिशात ठेवला. त्या दिवशी क्रमशः गडबडली. निघायच्या वेळी तिने एक गोष्ट सुरू केली आणि घाईघाईत तिथल्या तिथे संपवूनही टाकली. असं तिच्या हातून कधी झालं नव्हतं. काकांनी तिला नमस्कार केला, म्हणाले, "छान दिवस गेले, ताई." मलाही म्हणाले, "येतो, बाई."

पुढच्या वेळी डावीकडची खुर्ची रिकामी. क्रमशःने माझ्या हाताला सुई लावली ती न बोलता.

"त्यांना काहीतरी पाठव ना," मी म्हटलं. "अर्धं."

"नाही मावशी. आमिष दाखवल्यासारखं होईल ते. त्यांचं त्यांनी ठरवलंय." मग चिकटपट्टी लावत म्हणाली, "मीच शेवट सांगून बसले." तिचे डोळे भरले होते. मला तिचा राग आला, काकांचा आला, त्या माशांचाही आला. चार तास मी भिंतीकडे बघत काढले, आणि खरं सांगते, बडबडीवाचून ती खोली मला सोसली नाही.

त्याच्या पुढच्या वेळी मी काट्यावर उभी होते तेव्हा दारातून काका आले. पाय सुजलेले, धाप लागलेली, लेकीच्या खांद्यावर हात. आणि चेहरा कुणाशी तरी भांडायला निघाल्यासारखा.

"काट्यावरून उतरा, बाई," ते मला म्हणाले. मी मुकाट्याने उतरले.

सुई टोचायला क्रमशः त्यांच्यासमोर बसली. तिच्याकडे सांगायला काहीच नव्हतं, पण काकांनी तिला तोंड उघडूच दिलं नाही.

"माशांचं परत काही लागलंय का ते बघत होतो मोबाईलवर, तर भलतंच सापडलं. दोन ठिकाणी तपासलं. एक लिफ्ट आहे तिकडे, जुनी. दार नाही. बेल नाही. चालवणारा नाही. आणि थांबतच नाही ती. एका बाजूने खण वर चाललेत, दुसऱ्या बाजूने खाली, माळेसारखे. माणसाने चालत्या खणात पाऊल टाकायचं आणि आपला मजला आला की बाहेर पडायचं." सुया दोन्ही टोचून झाल्या, त्यांनी हाताकडे पाहिलं नाही. "लेकीला सांगितलं. म्हणाली, छान आहे, बाबा, आणि गेली कामाला. आता मी हे सांगू कुणाला? तिथे घरी भिंतींना?"

"मला सांगा," क्रमशः म्हणाली.

"सांगतोय तर. आता विचार करा. माणूस चढला, आणि उतरायचं राहून गेलं. शेवटचा मजलाही गेला. खण चाललाय वरच. पुढे मजलाच नाही. तर त्या माणसाचं काय होतं?"

खोलीतल्या सगळ्या माना वळल्या होत्या. पलीकडच्या एकाने विचारलं, उलटा होतो का? काकांनी नुसतं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"काय होतं?" मी विचारलं. मोबाईल माझ्या मोकळ्या हाताशीच होता, एका बोटाचं काम होतं. मी तो उशीखाली सारला.

"ते पुढच्या वेळी," काका म्हणाले.

क्रमशः त्यांच्या मशीनची बटणं दाबत होती, पाठ आमच्याकडे. आवाज सांभाळत तिने विचारलं, "नक्की ना, काका?"

"म्हणजे काय. गोष्ट अर्धी टाकून जाईन होय मी?"