डोळा म्हणजे काही आंबा नव्हे

ये गं शकू, अशी जवळ बस. सुमन, तू वाचतेयस ना? हे पत्र मोठ्यानं वाच, आणि सासूला टोचेल म्हणून मधलं काही गाळू नकोस. शकू, धाकटी बहीण म्हणून तुझे पुष्कळ लाड केले, आज चार बोलणी खा. यंदा तू तुरीची डाळ पाठवलीस, तिच्यात खडे निघाले. एक माझ्या सुनेच्या दाताखाली आला. मी उरलेली डाळ परातीत ओतून निवडायला बसले, तर आणखी खडे निघाले. माझी शकू पाखडून, निवडून, पुन्हा एकदा हात फिरवून डाळ पाठवणारी. तिच्या डाळीत खडा येतो म्हणजे तिला खडा दिसतच नाही. फोनवर विचारलं तर म्हणालीस, "मोतीबिंदू हाय, पर अजून पिकला न्हाई."

हे मी आधी ऐकलंय. मायच्या तोंडून.

आम्ही गाव सोडलं तेव्हा तू सासरी होतीस, म्हणून तुला त्या सकाळचं ठाऊक नाही. तुझे दाजी पुढं येऊन भायंदरला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात लागले होते. मी पोरगा कडेवर आणि पत्र्याची पेटी घेऊन मागून निघाले. माय फाट्यापर्यंत पोचवायला आली. एसटी आली, लोक चढायला लागले, आणि मायनं एका परक्या बाईच्या पाठीवरून हात फिरवला. "जपून ऱ्हा बाई. लेकराला उन्हात काढू नको." ती बाई अवघडून हसली. मी म्हटलं, "माय, मी इकडं हाय." तर माय म्हणते कशी, "मग तिला बी आशीर्वाद. ती बी कुठंतरी चाललीच हाय की." सगळी गाडी हसली, मीही हसले.

माय अडाणी होती म्हणून थांबली, असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. तालुक्याच्या शिबिरात डॉक्टरनंच तिला सांगितलं होतं, अजून पिकला नाही, पुढच्या हिवाळ्यात ये. तेव्हाची रीतच ती. डोळा पुरता झाकल्याशिवाय हात लावत नसत. ऑपरेशन झालं की डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, मान हलवायची नाही, आणि नंतर सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. माय वाट बघत राहिली. एक हिवाळा तुझ्या बाळंतपणात गेला, एक कापसाच्या वेचणीत. मग डोळा लाल होऊन ठणकायला लागला. दवाखान्यात म्हणाले, फार पिकला, आतली नस गेली. दुसराही त्याच वाटेनं गेला. माझ्या धाकट्या लेकीला तिनं कधी पाहिलं नाही. नाक चाचपून म्हणाली, "आपल्याच घरचं हाय."

इकडं भायंदरात नवघरला आले तेव्हा खोलीच्या मागं मिठागरं होती. शेजारची आगरी मावशी पहिल्या दिवशी म्हणाली, "मीठ इकत आनू नको, आमचे घरान हाय." पलीकडं जयाबेन. भाजीवाल्याशी हिंदी, जयाबेनशी अर्धं गुजराती, घरात आपलं. आता मीही "जातेय, करतेय" बोलते आणि तू फोनवर हसतेस. हस. अक्षरंसुद्धा मी इथंच शिकले. शाळेत कुणी घातलं नाही, पण रेशनच्या दुकानाची पाटी, बसची पाटी, दवाखान्याची पाटी, असं करत करत एक दिवस विहारातलं पुस्तक वाचून टाकलं. म्हणून तर मलाही मोतीबिंदू झाला आणि या पाट्यांवरची अक्षरं फुटायला लागली तेव्हा मला फार लागलं. रस्त्यावरचा एक दिवा मला चार दिसायचा.

आणि मी काय म्हणाले असेन? पिकू दे.

जयाबेननं ऐकलं नाही. "माँजी, नाटक बंद करो, चलो," म्हणून पालिकेच्या दवाखान्यात सरकारी शिबिर होतं तिथं ओढत नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या नातीहून थोडी मोठी. मी तिलाच शिकवायला गेले, म्हटलं, अजून पिकला नसेल तर हिवाळ्यात येते. ती म्हणाली, "आजी, डोळा म्हणजे काही आंबा नव्हे, आढीत घालून पिकवायला. कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "माझ्या मायच्या डॉक्टरनं." मग तिचं हसू थांबलं. म्हणाली, "तेव्हा त्यांचं बरोबर होतं. आता शास्त्र पुढं गेलंय. आता पिकू दिला तर काढायलाच अवघड जातो."

सगळं सोन्याचं होतं असं सांगणार नाही. रक्तात साखर निघाली म्हणून परत पाठवलं, गोळ्या खाऊन ती उतरेपर्यंत थांबावं लागलं. ऑपरेशनला न्यायला येणारी दवाखान्याची गाडी उशिरा आली. पण ऑपरेशनला पैसा लागला नाही आणि वाळूच्या पिशव्याही नाहीत. मसुरीच्या डाळीएवढं भिंग असतं, ते डोळ्याच्या आतच बसवतात, टाकासुद्धा नाही. सुई टोचली तेवढी कळली, पुढं नुसता उजेड. दोन नर्सा माझ्या डोक्याशी उभ्या राहून भेंडीच्या भावावरून बोलत होत्या. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि माझ्या पायानं घरी आले.

घरी येऊन बघते तर ज्या भिंती मी पिवळट समजत होते त्या पांढऱ्या. सुनेच्या केसांत पांढरं आलेलं, ते मला माहीतच नव्हतं. ती म्हणाली, "आता आमचं काही खरं नाही. आई डब्यांच्या मागचं बघणार." बघितलंच. झुरळ होतं.

सुमननं मला सगळं सांगितलंय हं. आरोग्य खात्याची आशाताई दारात आली, डोळे तपासायची गाडी गावात येणार म्हणाली, आणि तू शेळ्यांच्या गोठ्यात लपून बसलीस. या वयात. मला ठाऊक आहे तू सरकारला भीत नाहीस, सुईलाही नाही. मायचं काय झालं ते तुझ्या मनातून जात नाही. माझ्याही गेलं नव्हतं.

मला इथं कुणी विचारलं, तुमचं घर कुठं, तर आता पटकन नवघरच तोंडात येतं. मायचं घर पडलं, तिथं चुलत्यांनी कडबा रचलाय. गावात गेले की पोरं विचारतात, कुणाकडं आलात? लांबून चालीवरून, तोंडावरून ओळखून "अक्का आली" म्हणणारी तू एकटीच उरलीस. माझं गाव एवढंच शिल्लक आहे, आणि ते तुझ्या डोळ्यांत आहे. ते असं झाकू देणार नाही मी.

म्हणून थंडीची वाट बघू नकोस. शेळ्या सुमनवर सोड. बोरिवलीला येणारी ट्रॅव्हल्स घोडबंदर रोडनं येते. क्लीनरला बसतानाच सांग, चेणे गाव मागं पडलं की काशिमिऱ्याला उतरवायचं. मी नाक्यावर असेन. माझा दुसरा डोळाही राहिलाय. डॉक्टरीणबाई मागं लागल्यात, पण मी त्यांना सांगून ठेवलंय, माझी बहीण येतेय, दोघींना शेजारच्या खाटा द्या. तू उशीर केलास तर माझाही पिकेल आणि पाप तुझ्या माथी. तेव्हा लवकर ये.