गॅस बंद, कापणं चालू

मानपाड्याच्या त्या बिल्डिंगमध्ये कांताबाईंचं घर म्हणजे सगळं कसं भरलेलं. हॉलमध्ये कॅरम बोर्ड, तो दगडूरावांचा. कंपनीतून रिटायर झाल्यापासून या गृहस्थांनी त्यावर जेवढी पावडर मारली, तेवढी पोरगा लहान असताना त्याला लावली नव्हती. बेडरूममधलं टेबल सुमितचं. त्यावर लॅपटॉप, आणि मागे ‘मीटिंग चालू आहे’ असा चेहरा. काचेचं डायनिंग टेबल सूनबाई रचनाचं. आणि कांताबाईंचं? काहीच नाही. साठी उलटेपर्यंत हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं. आलं ते गोधडीच्या क्लासमुळे.

सोसायटीच्या हॉलमध्ये मेघना मॅडमनी क्लास काढला. आपल्या आयांची अंदाजपंचे गोधडी नव्हे. तळहाताएवढे चौकोन, सगळे सारखे, आणि कापायला पिझ्झा कापतात तसलं गोल पात्याचं कटर. "आधी कापडाखाली काय ठेवणार ते ठरवा," मॅडम म्हणाल्या. "पातं पाहून भुलू नका."

कांताबाई पातं पाहून भुलल्या.

घरी येऊन त्यांनी कॅरम बोर्ड मागितला. "वेड लागलंय का गं? एक चरा पडला तर सोंगटी वळेल!" म्हणत दगडूरावांनी बोर्ड छातीशी धरला. लग्नात हारसुद्धा इतक्या मायेनं धरला नव्हता म्हणे. मग पोळपाट घेतला, तो गरागरा फिरला. शेवटी रचना ऑफिसला गेल्यावर काचेचं टेबल. काचेवर पात्याला पकड मिळेना. ते सरकलं आणि थेट डाव्या अंगठ्यात.

संध्याकाळी घरात पंचायत बसली.

"आई, हे काय वय आहे पात्यांशी खेळायचं?" सुमित म्हणाला.

"मी ऑनलाइन रेडीमेड गोधडी मागवते ना, मम्मी," रचना म्हणाली, एका हातानं टेबलावरचे चरे चाचपत.

"ते कटर इकडे दे," दगडूरावांनी हात पुढे केला.

"देत नाही." पट्टी बांधलेला अंगठा कांताबाईंनी सगळ्यांच्या नाकासमोर नाचवला. "चूक पात्याची नाही, खालच्या काचेची आहे. या घरात प्रत्येकाला टेबल आहे. मला एक कापड पसरायला जागा नाही!"

हे खालच्या मजल्यावरच्या शांताबाईंना ऐकू गेलं, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगला गेलं असंच समजा.

दुसऱ्या दिवशी कांताबाई एकट्याच विठ्ठलवाडीला गेल्या, शिलाईच्या सामानाच्या दुकानात. दुकानदारानं कापडाखाली घालायची ऐसपैस कटिंग मॅट उलगडली.

"एवढी पसरू कुठे, तुझ्या डोक्यावर? छोटी दाखव, पण जाड."

त्यानं छोटीवर पातं फिरवून दाखवलं. "बघा आजी, पातं जरासं आत रुततं, म्हणून घसरत नाही. चीर आपोआप मिटते. शिकाऊ माणसाला एवढी पुरे. कापड सरकवत कापायचं. फक्त गरम जागी ठेवू नका, वाकडी होते."

"गरम जागी नाही ना?" कांताबाईंनी पुन्हा विचारून घेतलं, आणि गालात हसल्या.

घरी येऊन त्यांनी मॅट पसरली ती थेट ओट्यावर. ग्रॅनाइट सपाट, हलायचं नाव नाही, पाठीला वाकायला नको. मोजपट्टी कापडावर घट्ट दाबायची, बोटं कडेपासून लांब, पातं अंगाकडे न ओढता पुढे ढकलायचं, आणि काप झाला की पात्याचं झाकण बंद.

चार वाजता दगडूराव हजर. "चहा?"

"गॅस बंद आहे."

"मग लाव की."

"मॅट वाकडी होईल. दुकानदारानं बजावलंय."

"मग मॅट उचल!"

"चौकोन अर्धे राहिलेत. दिवेलागणीपर्यंत ओटा माझा."

दगडूराव पाय आपटत टपरीवर गेले. असे दोन-चार दिवस गेले. मग जिन्यात शांताबाईंनी गाठलंच, "काय दगडूभाऊ, घरातली साखर संपली का हो?"

तेव्हा मात्र गडी हादरला. दुपारी पावडर पुसलेला कॅरम बोर्ड काखेत मारून स्वयंपाकघराच्या दारात उभा. "हा घे, कांते. चरा पडला तर पडू दे. पण ओटा सोड."

कांताबाईंनी कटरचं झाकण लावलं. बोर्डावरून हात फिरवला, टिचकी मारून बघितली. "नको. यावर पातं बोथट होईल. शिवाय तुमची सोंगटी वळेल हो! न्या तो परत. आणि टपरीवरून माझाही चहा आणा, आलं टाकून."

"कशात आणू?"

"थर्मास ओट्याखालच्या कपाटात आहे."

"मग जरा बाजूला हो ना."

"मी हलणार नाही. हात हलला की काप तिरका जातो. तुम्हीच वाका."

दगडूराव वाकले. वर पातं पुन्हा सरसर चालू झालं.