न काढलेलं पंक्चर

देवीवरच्या माझ्या श्रद्धेबद्दल गावात कुणाला शंका नाही. शंका मलाच होती, आणि आठ महिने मी ती कुणाला कळू दिली नाही. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यापासून आठवड्यातून दोनदा मी तिला कुंभार पिंपळगावहून जालन्याला डायलिसिसला नेत होतो. मानेत बसवलेल्या नळीतून रक्त काढायचे. तिथं सारखा संसर्ग व्हायचा आणि तिला हुडहुडी भरून ताप यायचा. डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की किडन्या आता सुधारणार नाहीत. हातातल्या शिरा जोडायचं लहानसं ऑपरेशन करून घ्या, म्हणजे तिथूनच रक्त काढता येईल, मानेतली नळी जाईल आणि कायमची सोय होईल. 'कायमची' हा शब्द मला सोसवेना. मी देवीला नवस बोललो, रोजचा पाठ दुप्पट केला आणि डॉक्टर दिसले की वाट बदलू लागलो. गणिताचा मास्तर असून मला उत्तर पाहायचं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. मास्तराकडे हत्यार कुठलं असणार? म्हणून मी दरवर्षी गाडीतला जॅक, पाना आणि स्टेपनी बाहेर काढतो, पाटावर मांडतो आणि हळदीकुंकू वाहतो. यंदाही वाहिलं. दसरा झाला, सोनं वाटून झालं, आणि स्टेपनी झेंडूची माळ घालून पडवीतच बसून राहिली. हे माझ्या लक्षात आलं ते पुढच्या शनिवारी. अंबड जवळ आलं असताना रस्त्यात पडलेल्या सळईच्या तुकड्यानं पुढचं टायर कापलं, आणि मी डिकी उघडली तर आत नुसती मोकळी जागा. माझा चेहरा बघून बायकोला हसू आलं.

"पूजा केली अन् देव घरीच ठिवून आलात," ती म्हणाली.

हवा हळूहळू जात होती. रखडत रखडत आम्ही अंबडच्या वेशीवरचं पंक्चरचं दुकान गाठलं. दुकानदार साठीच्या पुढचे, सगळे त्यांना चाचा म्हणत होते. त्यांनी चाक काढलं, हवा भरून पाण्याच्या टाकीत बुडवलं. रस्त्याला टेकतो त्या भागातून नव्हे, टायरच्या बाजूच्या भागातून बुडबुडे आले. मग त्यांनी टायर रिमवरून उतरवलं, आतून अंगठा दाबला आणि मला बोलावलं. चिरेतून तुटलेले दोरे बाहेर डोकावत होते.

"सर, हे बनत न्हाई. बिलकुल न्हाई."

मी म्हटलं, आतून पॅच लावा. अकराला मशीनवर नंबर आहे, जालना काही लांब नाही, मी हळू चालवीन.

"मधी खिळा लागला असता तर पाच मिन्टात काढून दिलं असतं. ही बाजू दर फेऱ्याला दबती. पॅच हवा धरंल, पर वजन न्हाई धरणार. रस्त्यात फुटंल."

"जबाबदारी माझी," मी चढ्या आवाजात म्हणालो.

चाचांनी हात पुसले. "जबाबदारीचं काय करता सर? गाडीत बाई बसणारेत. त्यांना इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं. दुकानातल्या बाकावर बसलेल्या बायकोनं आपणहून सांगितलं, "मी एसटीनं जाते. तुम्ही बसा टायरपाशी."

मला देवीचा भयंकर राग आला, हे कबूल करतो. वाटलं, एवढे पाठ केले आणि तुला 'हो' म्हणणारा एक माणूस धाडता आला नाही? तोवर चाचा रस्त्यावर जाऊन उभे राहिले होते. थांबा नसताना त्यांनी जालन्याची बस थांबवली. "पेशंट हाय, जल्दी घ्या," असं कंडक्टरला सांगून त्यांनी तिला स्वतः पायरीपर्यंत नेलं. माझ्याकडून गाडीची चावी ठेवून घेतली, संध्याकाळपर्यंत नवं टायर बसवून ठेवतो म्हणाले आणि मलाही तिच्यामागं बसमध्ये चढवलं.

चमत्कार म्हणावा असं पुढे काही झालं नाही. आम्हाला उशीर झाला, आमच्या मशीनवर दुसऱ्या पेशंटला घेतलं होतं. सिस्टरनी दुपारचा नंबर दिला. तोवर बसायला एकच बाक मोकळा होता, डॉक्टरांच्या दारासमोरचा. पळायला जागा नव्हती. बसल्या बसल्या माझ्या मनात येत राहिलं, तो म्हातारा किती सरळ 'नाही' म्हणाला, आणि त्यात माझ्या बायकोची किती काळजी होती. डॉक्टरही आठ महिने तेच सांगत होते. त्यांना मी नास्तिक ठरवून मोकळा झालो होतो. मला स्वतःची लाज वाटली.

मी तिला हळूच विचारलं, "करायचं का ते हाताचं?"

"कवाच करायचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही देवीपाशी मागून राह्यला होता, म्हणून मी मधी बोलले न्हाई."

आठ महिन्यांचे ते सगळे ताप तिनं माझ्या श्रद्धेचा मान राखायला काढले होते. डॉक्टर बाहेर आले तेव्हा मीच उठून उभा राहिलो आणि तारीख मागितली. डॉक्टर तिचे हात तपासू लागले, तर तिनं डावा पुढं केला. म्हणाली, "ह्यात करा. उजवा भाकरीला लागतो."

ऑपरेशन नीट झालं. दोनेक महिन्यांनी मानेतली नळी निघाली आणि ताप थांबले. किडन्या मात्र आहेत तशाच आहेत, आणि आठवड्यातले दोन दिवस अजूनही जालन्याचेच. जाता-येता चाचांना नमस्कार करतो. ते फक्त हात वर करतात. माझ्या हट्टाला न बधणारा माणूस त्या वळणावर देवीनं बसवला, याचं ऋण मला फेडता येणार नाही. पाठ अजून चालू आहे, पुन्हा पूर्वीएवढाच. शेवटी हात जोडतो आणि एवढंच म्हणतो, आई, तुला 'नाही' म्हणायचं असेल तर म्हण, मी ऐकतोय.